वरणातलं औषध पुन्हा सुरू करावं का?

तुम्ही बरंच लिहिलंय, म्हणून मला काय समजलं ते आधी सांगते. तुमचा भाऊ ३१ वर्षांचा. सात वर्षांपूर्वी स्किझोफ्रेनियाचं निदान झालं. कराडजवळच्या गावात आईवडिलांकडे असतो. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. भाऊ गोळ्या घेईना म्हणून आई वर्षभर त्याच्या वरणात औषधाचे थेंब घालत होती. महिन्यापूर्वी त्याने तिला बाटलीसकट पकडलं. तेव्हापासून तो घरचं काही खात नाही; स्टँडवरचा वडापाव नाहीतर बंद पुड्यातली बिस्किटं. गेल्या आठवड्यात त्याने वडिलांना ढकललं. वडिलांचं म्हणणं, लग्न करून दिलं की ताळ्यावर येईल. तुम्ही पुण्यात, औषधांचे पैसे दरमहा पाठवता, पण सासरी भावाच्या आजाराबद्दल कुणाला काही माहीत नाही. आणि विचारता आहात: आईने थेंब पुन्हा सुरू करावेत का, आणि मी नेमकं काय करू?

मी मानसोपचार विभागात सामाजिक कार्यकर्ती आहे. औषध लिहून देणं माझं काम नाही. ते लिहून दिल्यानंतर घरात काय काय होतं, ते माझ्याकडे येतं. तेव्हा औषधांबद्दल जे लिहीन ते डॉक्टरांना विचारायचे प्रश्न समजा.

थेंब पुन्हा सुरू करू नका. पण ताई, मला तुमच्या घरात थेंबांपेक्षा लपवाछपवी जास्त दिसते. आईने औषध भावापासून लपवलं, वडिलांनी आजार गावापासून लपवला, तुम्ही भाऊ सासरपासून लपवलात, आणि आता मुलगी बघायला गेले तर तिच्या घरच्यांपासूनही लपवणारच. आजाराचं ओझं कुणाला टाळता आलेलं नाही. लपवण्याचं ओझं मात्र आपण वरून घेतलेलं असतं, आणि मी मोडताना पाहिलेली बहुतेक घरं या दुसऱ्या ओझ्याखाली मोडली.

तुमच्या घराबद्दल काही गोष्टी मला इथून ठरवता येत नाहीत. त्याला आवाज ऐकू येतात का, आणि ते त्याला काही करायला सांगतात का? दारू किंवा गांजा आहे का? आधी कोणत्या औषधाने बरं वाटलं होतं? यांच्या उत्तरांवर बरंच बदलेल. विशेषतः आवाज त्याला मर म्हणत असतील, किंवा तो स्वतःच तसं बोलत असेल, तर पुढचं वाचत बसू नका, आजच दवाखाना गाठा.

आता थेंबांबद्दल. आईला बोल लावू नका. माणूस औषध घेत नाही, डॉक्टर शहरात, घरात रोज आरडाओरडा. अशा वेळी रंग-वास नसलेली बाटली हाताशी असली की कुठलीही आई तेच करते. आणि काही दिवस फरकही पडतो, म्हणून सवय लागते. पण डोस काही नीट जात नाही. एखाद्या रात्री त्याने अर्धी वाटी वरण टाकलं की अर्धं औषध गेलं, दोनदा वाढून घेतलं की दुप्पट. बरेच जण चहात घालतात. रिस्पेरिडोनचं पातळ औषध चहात किंवा कोलात मिसळू नये असं उत्पादकाच्या माहितीपत्रकातच असतं. हळूहळू विरघळावी म्हणून बनवलेली गोळी कुटली की तिचा उपयोगच बदलतो. क्लोझापिनसारखं औषध तर असं द्यायचंच नसतं: पहिले १८ आठवडे दर आठवड्याला रक्त तपासायचं असतं, आणि दोन दिवसांहून जास्त खंड पडला तर जुना डोस थेट सुरू करता येत नाही, पुन्हा तळापासून चढवावा लागतो. हे सगळं चोरून कसं होणार?

आणि याहून मोठी गोष्ट. तुम्हीच लिहिलंय की आजाराच्या सुरुवातीला त्याचा संशय एकच होता, माझ्या जेवणात काहीतरी घालतात. सात वर्षं सगळे त्याला सांगत होते की असं कुणी करत नाही. आणि मग त्याला बाटली सापडली. आज तो घरचं जेवत नाही यात आजार किती आणि साधा शहाणपणा किती, हे मलाही वेगळं काढता येणार नाही.

म्हणून पहिलं काम कबुलीचं, आणि ते आईनेच करायचं. लांबलचक नको. 'हो रे, मी वरणात औषध घालत होते. तुला झोप लागावी म्हणून घातलं. तुला न विचारता घातलं, ते चुकलं. आता नाही घालणार.' एवढं बोलून थांबायचं. 'पण तू गोळ्या घेत नाहीस म्हणूनच ना' हे वाक्य त्याला जोडायचं नाही; जोडलं की कबुली गेली आणि भांडण उरलं. मग पुढचे काही आठवडे सगळ्यांनी एकाच पातेल्यातलं जेवायचं, त्याने स्वतःच्या हाताने वाढून घ्यायचं, आणि त्याच्या आधी वडिलांनी त्याच वरणाचा घास घ्यायचा. लगेच विश्वास बसेल असं नाही. काही दिवस तो अंडी उकडून, केळी सोलून खाईल. खाऊ द्या. सोलायची-फोडायची वस्तू त्याला सुरक्षित वाटते, तर घरात ती आणून ठेवा.

दुसरं, तो औषध का नाकारतो हे कुणी त्याला कधी विचारलंय का? साधारण दोन कारणं असतात. एक म्हणजे आपण आजारी आहोत हेच त्याला पटत नाही. हा हट्ट नव्हे. या आजारात ती समजच झाकली जाते, आणि वाद घालून ती उघडत नाही. समोरच्या घरातले माझं बोलणं रेकॉर्ड करतात असं तो म्हणाला, तर 'काहीतरीच काय, वेडा आहेस का' हे उत्तर नको, आणि शांतता राहावी म्हणून 'हो, करत असतील' हेही नको. 'मला तसं काही जाणवत नाही. पण तुला जाणवतंय म्हटल्यावर धास्ती वाटत असणारच. रात्री झोप लागते का?' इथे बहुतेक वेळा दार किलकिलं होतं. आजार मान्य नसलेला माणूसही झोप लागत नाही, डोकं भणभणतं, मित्र तुटले, हे मान्य करतो, आणि झोपेसाठी डॉक्टरांकडे यायला तयार होतो. त्याला झोपेसाठी न्या. स्किझोफ्रेनियासाठी नेण्याचा आग्रह धरू नका. डॉक्टरांना मात्र आधी फोन करून सगळं सांगून ठेवा आणि त्यालाही सांगा, की मी त्यांच्याशी बोलले आहे.

दुसरं कारण औषधाचा त्रास. हात थरथरणं, अंग ताठरणं, लाळ गळणं, वजन वाढणं, पुरुषांमध्ये लैंगिक अडचणी. ही शेवटची गोष्ट मुलगा आईला कधीच सांगत नाही, औषध मात्र त्यापायी सोडतो. तुम्ही एका ओळीत लिहून गेलात की तो गेले वर्षभर अंगणात तासन्तास येरझाऱ्या घालायचा, आणि महिनाभरात ते जरा कमी झालंय. घरातल्यांनी तो आजार धरला. तुम्ही म्हणता ते थेंब हॅलोपेरिडोलचे असतील, तर ती औषधानेच होणारी तगमगही असू शकते; आतून इतकी चुळबूळ की माणसाला बसवत नाही. तिच्यावर उपाय आहे, औषध बदलताही येतं. डॉक्टरांना ही एक ओळ तारखेसकट सांगा.

आणि इंजेक्शनाबद्दल विचारा. काही दोन ते चार आठवड्यांनी घ्यायची असतात, काही महिन्यातून एकदा. सगळ्यांना चालतात असं नाही, आणि त्याची संमती हवीच. पण ज्या घरात 'गोळी घेतलीस का?' हा दिवसातला पहिला आणि शेवटचा संवाद झालेला असतो, तिथे तो प्रश्नच बंद होतो, आणि आई-मुलाला बोलायला दुसरे विषय मिळतात.

आता वडील. भांडणं दोन वर्षांत वाढली असं तुम्ही लिहिलंय, आणि वडील निवृत्त होऊनही दोनच वर्षं झालीत. हा मला योगायोग वाटत नाही. लंडनमध्ये जॉर्ज ब्राऊन आणि त्यांच्यानंतर व्हॉन व लेफ या संशोधकांनी रुग्ण घरी परतल्यावर काय होतं याचा अभ्यास केला. ज्या घरात सतत टीका, चीड किंवा जीव गुदमरेल इतकी काळजी असते, तिथे आजार उलटण्याचं प्रमाण जास्त दिसलं. १९७६च्या अभ्यासात तर वेळेचाही हिशेब होता: अशा घरात आठवड्याला ३५ तासांहून जास्त समोरासमोर असणाऱ्यांचा धोका आणखी वाढलेला होता. याचा अर्थ घरच्यांमुळे आजार होतो असा नाही, तसं कुणी म्हणालं तर ऐकूही नका. पुढे चंदीगडमध्ये हीच पाहणी झाली तेव्हा आपल्याकडच्या घरांत टीकेचं प्रमाण लंडनपेक्षा कमी निघालं. तेव्हा आपली घरं मुळात बरी आहेत. पण गुरुजी पूर्वी सकाळी शाळेत जायचे ते संध्याकाळी यायचे. आता दिवसभर ओसरीवर आहेत, आणि समोर ३१ वर्षांचा मुलगा अकरापर्यंत झोपलेला. ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांची पोरं शिकवली, त्यांना हे बघवत नाही, आणि ते बोलतात.

त्यांना दोन गोष्टी समजावून सांगा, शक्यतो डॉक्टरांच्या तोंडून. एक, उशिरा उठणं, अंघोळीचा कंटाळा, कुणात न मिसळणं यांतलं बरंचसं आजारातलंच असतं. आवाज, संशय औषधाने लवकर निवळतात. ही मरगळ मागे रेंगाळते. तिला आळस म्हटलं की ती वाढते. दुसरी, त्यांनी रोज काही तास घराबाहेर घालवावेत. वाचनालय, मळा, भजनी मंडळ, काहीही. मुलापासून लांब राहा असं सांगू नका. निवृत्त माणसाला बाहेरचं काम हवं, एवढंच सांगा. मुलालाही एखादं छोटं, ठरावीक, त्याचंच काम द्या. डेअरीवर दूध घालून येणं चालेल. चुकलं तर बोलायचं नाही, झालं तर त्याचा सत्कारही करायचा नाही.

डॉक्टरांकडे पुढच्या वेळी एकट्या आईला पाठवू नका, तिघांनी जा. १९५०च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्या सागर यांनी आवारात तंबू ठोकून नातेवाइकांना रुग्णासोबत राहायला बोलावलं होतं. घरच्यांनी आजार डोळ्यांनी पाहिला, उपचार पाहिले, की घरी नेल्यावर निभावतं, हे त्यांना कळलं होतं. आपल्याकडे आजही बाह्यरुग्ण विभागात आईच दिसते, पदराला डोळे पुसत, आणि घरातले निर्णय घेणारे बाहेर रिक्षात बसलेले असतात.

ढकलण्याबद्दल. या आजाराची बहुतेक माणसं कुणावर हात उगारत नाहीत, पण उपचार सुटले असताना, दारू असताना, किंवा कोंडीत सापडल्यासारखं वाटलं तर धोका वाढतो. तेव्हा काय करायचं ते शांतपणे आधी ठरवा. तो चिडला असताना दारात उभं राहून वाट अडवायची नाही. आवाज खाली, अंतर दोन हात. एकाने बोलायचं, बाकीच्यांनी बाजूला व्हायचं. हाक मारली तर येईल असं शेजारचं एक माणूस आधी विश्वासात घ्या, आणि इथेच वडिलांचं गुपित आड येतं. (गावात गोष्ट लपून राहिलीय असं फक्त लपवणाऱ्यालाच वाटत असतं.) पुढे जाऊन गरज पडली तर ११२ आणि १०८ आहेतच. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं; आईला तो फोनमध्ये घालून द्या, निव्वळ मन मोकळं करायलाही. आणि घरात शेती आहे म्हणालात, तर फवारणीची औषधं आजच कुलपात टाका. ढकलाढकलीपेक्षा मला त्या बाटल्यांची काळजी जास्त आहे.

दाखल करायची वेळ आली तर भीती नको, आणि दोरीने बांधून गाडीत घालायचंही नाही. २०१७चा मानसिक आरोग्य सेवा कायदा सांगतो की तो स्वतः राजी नसेल आणि त्याच्या किंवा इतरांच्या जिवाला धोका असेल, किंवा स्वतःला सांभाळण्याच्या स्थितीतच तो नसेल, तर त्याच्या प्रतिनिधीच्या अर्जावर त्याला ३० दिवसांपर्यंत दाखल करता येतं. दोन जणांनी त्याला स्वतंत्रपणे तपासावं लागतं, त्यातला एक मनोविकारतज्ज्ञ. तातडीच्या प्रसंगी कुठलाही नोंदणीकृत डॉक्टर ७२ तासांपर्यंतचे उपचार देऊ शकतो. माणसाला साखळीने बांधण्यावर याच कायद्यात बंदी आहे. २००१ साली तमिळनाडूतल्या एरवाडीला मनोरुग्णांच्या निवासाला आग लागली तेव्हा साखळ्यांमुळे माणसांना पळता आलं नाही. २८ जण गेले. सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरीला आहेत, पण सुरुवात तिथून करायची गरज नाही, जिल्ह्याच्या सिव्हिलला मनोविकार विभाग असतो, साताऱ्यातच जा. तो बरा असेल तेव्हा त्यालाच विचारून लिहून ठेवा की पुन्हा त्रास वाढला तर कोणते उपचार हवेत, कोणते नकोत, आणि प्रतिनिधी कोण. याला कायद्याची मान्यता आहे, आणि आपलं कुणीतरी ऐकतंय हे त्याला त्यातून कळतं.

लग्नाबद्दल माझं मत स्पष्ट आहे: आत्ता नाही. स्किझोफ्रेनिया असलेल्या माणसाने लग्न करूच नये असं मी म्हणत नाही. नीट चाललेले संसार मी पाहिलेत. पण ते सगळं सांगून झालेले होते. लपवून केलेल्या लग्नात काय होतं ते ठरलेलं असतं. नवरदेव बायकोसमोर गोळी घेऊ शकत नाही, म्हणून घेत नाही. लग्नघाईत झोप उडालेली असते. काही आठवड्यांत आजार उलटतो, तोही त्या मुलीसमोर, जिला काहीच ठाऊक नाही. पुढे १९५५च्या हिंदू विवाह कायद्याखाली असं लग्न रद्द करून मागता येतं, म्हणजे कोर्टही मागे लागतं. वडिलांना 'लग्न नको' म्हणू नका, ते ऐकणार नाहीत. 'तो स्वतः औषध घेऊन वर्षभर स्थिर राहू दे, काहीतरी कमवू दे, मग मुलीकडच्यांना फाइल दाखवून बोलू' असं म्हणा. फाइल दाखवायची म्हटल्यावर विषय बहुधा आपोआप पुढे ढकलला जातो.

तुम्ही विचारलं नाहीत, पण आईवडिलांनंतर काय, हा विचार तुमच्या मनात असणारच. त्यासाठी एक काम वडील आहेत तोवर करून घ्या. मानसिक आजार हा २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात येतो. सिव्हिलमधून प्रमाणपत्र काढता येतं. स्वतःची निगा, माणसांशी वागणं, संवाद आणि समज, काम, आणि आजाराचा कालावधी यांवर टक्केवारी ठरते, आणि ४० टक्क्यांपासून पुढे सवलती लागू होतात. तपासणीच्या दिवशी घरचे हमखास 'तसा तो सगळं करतो हो' म्हणतात. अभिमान घरी ठेवा, जे आहे ते सांगा. शासकीय कुटुंब निवृत्तिवेतन कमावू न शकणाऱ्या मनोविकलांग मुलाला आजन्म मिळू शकतं, पण अटी आहेत, म्हणून वडिलांनी स्वतः पेन्शनच्या कार्यालयात जाऊन त्याचं नाव नोंदवलेलं उत्तम. एक सूचना: १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली पालकत्व मिळतं असं कुणी सांगेल. त्या कायद्यात हा आजार येत नाही, त्या कागदांमागे वेळ घालवू नका. घर-जमिनीचं मृत्युपत्र किंवा न्यास, तो वकील बघेल.

शेवटी तुम्ही. लग्न होऊन बाहेर पडलेली बहीण पैसे पाठवते आणि तरी अपराधी वाटून घेते, हे मी फार पाहते. पैसे पाठवणं चालू ठेवा, पण पैशांनी न भागणारं एक काम पूर्णपणे स्वतःकडे घ्या. मला विचाराल तर डॉक्टरांशी संपर्क आणि फाइल: तारखा, औषधांची नावं, त्रास. आईच्या डोक्यावरचं हे काम पुण्यातून होऊ शकतं. वर्षातून दोनदा तरी तिथे राहायला जा आणि आईला त्या दिवसांत घराबाहेर पाठवा, माहेरी, पंढरपूरला, कुठेही. पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनचा स्वमदत गट आहे. तिथे आजारी माणसाला शुभार्थी आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणतात, आणि तुमच्यासारखे शुभंकर तिथे भेटतील. पहिल्यांदा नुसतं ऐकायला जा.

नवऱ्याला सांगा. सासूबाईंना कधी सांगायचं ते तुम्ही दोघं मिळून ठरवा, पण नवऱ्याला या महिन्यात सांगा, घर शांत असताना. रात्री दोनला गावाहून फोन आल्यावर सांगावं लागण्यापेक्षा ते बरं. तो बहुधा आधी तुमच्या मुलीबद्दल विचारेल, म्हणून आकडा जवळ ठेवा. एरवी हा आजार शंभरात साधारण एकाला होतो, मामाला असेल तर भाच्यांमध्ये शंभरात तीन-चार जणांना. मुलगी मोठी होताना गांजापासून लांब राहावी एवढी काळजी घ्या, बाकी तिला मामाकडे नेत जा.

कराडला जाल तेव्हा जुनी फाइल काढून त्याला आधी कोणतं औषध किती दिवस चाललं होतं आणि ते का बंद झालं, एवढं शोधा आणि मला कळवा. डॉक्टरांना नेमकं काय विचारायचं ते त्यावरून लिहून देते.